पेशींचें राज्य

[आकाशवाणीवरून दिलेलें भाषण]

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. मीहि शाळेंत छत्तीस वर्षें मुलांना हाच इतिहास शिकविला. परंतु मनुष्यानें जिंकलेल्या मुलुखांत असाहि एक मुलूख आहे कीं, त्यावर स्वारी करण्यास घोडदळ लागलें नाहीं. घासून गोल केलेला काचेचा एक तुकडा पुरला. हा मुलूख म्हणजे सजीवांच्या शरीरांतील पेशींचा. त्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक, शास्त्रज्ञ नव्हे. म्हणून प्रयोगशाळेची वाट न धरतां ही हकीकत मी आमच्या खानदेशांतील एका केळीच्या बागेंत सुरू करून एका शाळेच्या वर्गांत संपविणार आहें.

रावेरच्या बाजूस तापीच्या कांठीं आमची थोडीशी वडिलोपार्जित जमीन आहे. ती माझा धाकटा भाऊ कसतो. वडिलांच्या वेळीं केळीची नवी बाग लावावयाची म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्या बागेंतून कंद आणावे लागत. कोणाचा घड भरदार, कोणाची बाग निरोगी, हें आधीं हेरून ठेवावयाचें, त्या घरीं शब्द टाकावयाचा, आणि मग गाडी भरून कंद यावयाचे. त्यामुळें प्रत्येक बागेस एक माहेर असे, आणि तें गांवांत सर्वांस ठाऊक असे. पुढें एके वर्षीं भावानें टिश्यू कल्चरचीं रोपें आणलीं. काळ्या पिशव्यांतील वीतभर उंचीचीं तीं रोपें जणूं एकाच साच्यांतून काढलेलीं दिसत होतीं. माझी वृद्ध आई ओट्यावरून उठून तीं पाहावयास आली. बराच वेळ न्याहाळून ती म्हणाली, "रोपं चांगली आहेत रे. पण ह्यांचं माहेर कोणतं?" भाऊ म्हणाला, "आई, ही बाटलीत वाढलेली आहेत." आईचें समाधान झालें नाहीं. तिनें माझ्याकडे पाहिलें, कारण घरांत मास्तर मी. मलाहि उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधण्यांत माझीं निवृत्तीनंतरचीं कांहीं वर्षें गेलीं.

१६६५ हें साल मराठी मुलाला पाठ असतें. त्या वर्षाच्या जून महिन्यांत पुरंदरचा तह झाला आणि शिवाजी महाराजांस तेवीस किल्ले मोंगलांच्या हवालीं करावे लागले. त्याच वर्षाच्या आरंभीं तिकडे लंडन शहरांत रॉबर्ट हूक नांवाच्या, तिशीहि न गांठलेल्या एका गृहस्थानें 'मायक्रोग्राफिया' नांवाचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत सुईचें टोंक, पिसू, ऊ, माशीचे डोळे अशा क्षुद्र वस्तु सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं कशा दिसतात याचीं मोठमोठीं चित्रें होतीं. हूकनें बाटलीच्या बुचाचा एक पातळ काप काढून यंत्राखालीं धरला, तेव्हां त्यास मधाच्या पोळ्यासारखीं रिकामीं घरेंच घरें दिसलीं. त्या घरांस त्यानें 'सेल', म्हणजे लहान खोली, असें नांव दिलें. आपण आज त्यासच पेशी म्हणतों. हूकनें हिशेबहि केला. एका इंचाच्या लांबींत अशा १०८० खोल्या मावतात; म्हणजे एका घन इंचाच्या बुचांत त्या सव्वाशें कोटींहून अधिक झाल्या! श्रोते हो, भारताच्या आजच्या लोकसंख्येच्या जवळ जाणारी ही वस्ती एका बुचाच्या तुकड्यांत होती. मात्र हूकला दिसलीं तीं ओस पडलेलीं घरें. बूच हें ओक वृक्षाच्या मृत सालीचें. राहणारे केव्हांच निघून गेले होते, भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

राहणारे पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या एका कापडवाल्यानें. त्याचें नांव अँटनी व्हान लीवेनहुक. कापसाच्या मुलुखांत राहणाऱ्या आम्हां खानदेशी माणसांस त्याच्याविषयीं विशेष आपलेपणा वाटावा. कापडाचा पोत पाहण्यासाठीं व्यापारी भिंग वापरीत. या गृहस्थास भिंगाचीच गोडी लागली, आणि दोनशें पटींहून अधिक मोठें दाखविणारीं भिंगें तो स्वतःच्या हातानें बनवूं लागला. १६७४ पासून पुढें त्यानें तळ्याच्या पाण्यांत, दांतांच्या किटणांत आणि रक्तांत काय काय दिसतें, हें लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रांमागून पत्रें लिहून कळविलें. त्यास विद्वानांची लॅटिन भाषा येत नव्हती. पत्रें डच भाषेंत असत. पाण्याच्या थेंबांत सहस्रावधि जीव वळवळतात, या त्याच्या म्हणण्यावर प्रथम विश्वास बसेना. अखेर १६७७ सालीं हूकनें तो प्रयोग करून दाखविला आणि कापडवाला खरा ठरला. शाळा-कॉलेजाचा शिक्का नसलेल्या माणसानें नीट पाहिलें आणि पाहिलें तसें लिहिलें, याचें मला फार कौतुक वाटतें.

यानंतर जवळजवळ दीडशें वर्षें हा मुलूख तसाच पडून राहिला. कारण भिंगांत दोष होता. मोठ्या केलेल्या चित्राच्या कडांस इंद्रधनुष्याचे रंग फुटत व रेषा पुसट होत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशांत हा दोष दूर करणारीं भिंगें तयार झालीं आणि मग शोधांची रीघ लागली. १८३१ सालीं रॉबर्ट ब्राउन यानें ऑर्किडच्या पेशींत एक गोल ठिपका नेमानें आढळतो हें दाखविलें, तेंच केंद्रक. १८३८ सालीं श्लायडेन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें, जो पूर्वी वकिली करीत असे, सर्व वनस्पति पेशींच्या बनलेल्या आहेत असें प्रतिपादन केलें. पुढील वर्षीं त्याचा मित्र श्वान यानें प्राण्यांविषयीं तेंच सिद्ध केलें. दोघे एकदां जेवणानंतर बोलत बसले असतां श्लायडेननें वनस्पतींतील केंद्रकाचें वर्णन केलें, आणि श्वानला आठवलें कीं, अगदीं असेंच कांहीं आपण प्राण्यांच्या पेशींत पाहिलें आहे! पिंपळाचें पान आणि माणसाचें काळीज एकाच प्रकारच्या विटांनीं बांधलेलें आहे, ही गोष्ट अशा रीतीनें माणसास प्रथम कळली.

त्या सुमारास आपल्या खानदेशांत कंपनी सरकारचा अंमल अजून नवाच होता. १८१८ सालीं पेशवाई बुडून हा प्रांत इंग्रजांकडे गेला होता आणि १८२५ सालीं औट्रॅम या अधिकाऱ्यानें धरणगांव येथें भिल्लांची पलटण उभारण्यास प्रारंभ केला होता. या पलटणीची आठवण श्रोत्यांनीं ठेवावी. ज्या समाजांतून तिचे शिपाई आले, त्या समाजाकडे मला पुढें परत यावयाचें आहे.

श्लायडेन आणि श्वान यांची एक मोठी चूक झाली. साखरेच्या पाकांत जसे खडे धरतात, तशा द्रवांतून नव्या पेशी आपोआप जमतात, असें ते समजत. ही समजूत दोन माणसांनीं मोडली. पहिला रॉबर्ट रेमाक. हा बर्लिनचा यहुदी संशोधक. धर्म सोडण्यास तयार नसल्यामुळें त्यास प्राध्यापकाचें पूर्ण पद कधीं मिळालें नाहीं. १८५२ सालीं त्यानें लिहिलें कीं, पेशी दुभंगूनच नव्या पेशी होतात. दुसरा रुडॉल्फ विर्खो. त्यानें १८५५ मध्यें हाच सिद्धान्त थोडक्या शब्दांत मांडला आणि तो जगभर त्याच्या नांवें गाजला. प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हें तें सूत्र. माझ्या आईच्या भाषेंत सांगावयाचें तर, माहेर नसलेली पेशी जगांत नाहीं.

विर्खो हा नुसता वैद्य नव्हता. तो राजकारणीहि होता. १८४८ सालीं सायलेशिया प्रांतांत टायफसची सांथ आली असतां तो पाहणीस गेला, आणि या रोगावर औषध म्हणून त्यानें शिक्षण, स्वातंत्र्य व पोटभर अन्न यांची शिफारस केली. असा मनुष्य शरीराकडे पाहूं लागला तेव्हां त्यास तेथेंहि राज्यच दिसलें. शरीर म्हणजे पेशींचें राज्य आणि प्रत्येक पेशी त्याची नागरिक, अशी उपमा त्यानें दिली. मनुष्याच्या देहांत तीस लाख कोटींहून अधिक पेशी असतात, असा आजचा अंदाज आहे. पण नुसती गर्दी म्हणजे राज्य नव्हे. सारख्या कामाच्या पेशी एकत्र येऊन ऊतक बनतें, निरनिराळीं ऊतकें मिळून अवयव होतो, अवयवांच्या संस्था होतात आणि त्या सर्वांचें मिळून शरीर चालतें. फैजपूरला १९३६ सालीं, खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें पहिलें अधिवेशन झालें, तेव्हां कोणी पाणी आणलें, कोणी बांबूचे मंडप बांधले, कोणी स्वयंपाक केला. म्हणूनच तें टिळकनगर उभें राहिलें. देहाचेंहि तसेंच आहे.

आतां केळीकडेच पाहा. जिला आपण केळीचें खोड म्हणतों, तें खोड नव्हेच. पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळले जाऊन झालेला तो एक स्तंभ आहे. खरें खोड जमिनीखालीं, म्हणजे कंद. त्या कंदाच्या टोंकाशीं अतिकोमल पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याच पुंजक्यांतून पान निघतें आणि योग्य वेळीं केळ निसवली कीं कमळहि तेथूनच वर येतें. पानांतील कांहीं पेशी उन्हांत अन्न शिजवितात, कांहीं पाणी वर नेतात, कांहीं हवेचीं सूक्ष्म दारें उघडतात व मिटतात, आणि कांहीं पेशींत तो चीक असतो, ज्याचा डाग धोतरावर पडला म्हणजे धोतर फाटेपर्यंत जात नाहीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो. सर्व पेशी जर एकाच मूळ पेशीपासून झाल्या, तर एक पान होते आणि दुसरी मूळ होते, हें कसें? याचें उत्तर देण्यासाठीं मी धुळ्यास जातों. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून जुनीं दफ्तरें गोळा केलीं. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचें देहावसान झालें आणि तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. जुन्या काळीं प्रत्येक गांवीं त्या गांवापुरतेंच दफ्तर असे. पेशींच्या राज्याची तऱ्हा निराळी आहे. तेथें प्रत्येक गांवच्या चावडींत साऱ्या राज्याच्या दफ्तराची संपूर्ण नक्कल ठेवलेली असते! केंद्रकांतील गुणसूत्रें म्हणजेच तें दफ्तर. त्यांतील लिपीची घडण १९५३ सालीं उलगडली. मात्र प्रत्येक चावडीचा कुळकर्णी आपल्या कामाचे तेवढेच रुमाल सोडतो आणि बाकीचे बांधूनच ठेवतो. पानाच्या पेशीपाशींहि मुळाचा रुमाल आहे. ती तो सोडीत नाहीं, एवढेंच.

मग बांधलेले रुमाल सोडावयास लावतां येतील काय? हा प्रश्न १९०२ सालीं हाबरलांट नांवाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें विचारला. त्यानें वनस्पतींच्या सुट्या पेशी पोषक द्रवांत ठेवल्या. त्या आठवडेच्या आठवडे जगल्या, फुगल्याहि. पण दुभंगली एकहि नाहीं. तरीहि, एके दिवशीं एका पेशीपासून सबंध रोप वाढवितां येईल, असें भाकीत त्यानें लिहून ठेवलें. अपयश आलें असतां तें लपवून न ठेवतां पुढच्यांसाठीं वाट दाखवून ठेवणारा हा मनुष्य मला फार थोर वाटतो.

ती वाट सांपडण्यास अर्धें शतक लागलें, आणि तींत एक पाऊल आपल्या ओळखीच्या वस्तूचें आहे: नारळाचें पाणी. कोवळ्या गर्भाचें पोषण करणाऱ्या या पाण्यांत पेशींस दुभंगावयास लावणारीं द्रव्यें आहेत, असें आढळून आलें. स्टुअर्ड या शास्त्रज्ञानें त्याचा उपयोग करून १९५८ सालीं गाजराच्या पेशींपासून सबंध गाजराचें झाड वाढविलें. १९५७ मध्यें स्कूग व मिलर यांनीं दाखविलें कीं, दोन प्रकारच्या वाढद्रव्यांचें प्रमाण एका बाजूस झुकविलें म्हणजे मुळें फुटतात व दुसऱ्या बाजूस झुकविलें म्हणजे कोंब फुटतात. १९६२ सालीं मुराशिगे व स्कूग यांनीं क्षार, साखर इत्यादिकांचें जें मिश्रण सिद्ध केलें, तें आजहि जगभर वापरतात. आपला देशहि मागें नव्हता. दिल्ली विद्यापीठांत शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनीं १९६४ सालीं धोतऱ्याच्या परागकोशांपासून रोपें मिळविलीं, आणि त्या शोधाची जगानें दखल घेतली.

केळीला या विद्येची गरज विशेष होती. आपण खातों त्या केळ्यांत बी नसतें. रानटी केळींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. आपल्या केळींत तीन, म्हणजे एकंदर तेहतीस गुणसूत्रें. तिनाची जोडी लागत नाहीं, म्हणून बीं धरत नाहीं. तेव्हां कंद किंवा पील यांवांचून केळीचा वंश चालविण्यास दुसरा मार्गच नव्हता, आणि कंदाबरोबर सूत्रकृमि व रोगहि नव्या बागेंत येत. वाकोद गांवीं जन्मलेले भवरलाल जैन यांनीं जळगांवास ठिबक सिंचनाचा जो कारखाना उभारला, त्याच्याच जोडीला गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत केळीच्या ऊतिसंवर्धनाचें कामहि सुरू झालें. निवडक निरोगी झाडाच्या पिलाचें टोंक घेऊन, तें निर्जंतुक करून, बाटलींतील पोषक खळींत ठेवतात. तेथें एकाचे अनेक कोंब होतात. ते वेगळे करून पुन्हां वाढवितात, मग मुळें फुटूं देतात, आणि हळूहळू बाहेरच्या हवेची संवय लावून तीं रोपें पिशवींत आणतात. कंदाच्या बागेस अठरा महिने लागत, तेथें या रोपांचा घड अकरा-बारा महिन्यांत कापणीस येऊं लागला. पूर्वी बसराई केळ सर्वत्र होती. तिच्या जागीं 'ग्रँड नैन' ही जात आली. या फ्रेंच नांवाचा अर्थ 'उंच ठेंगणी'! तशी बसराई काय आणि ही काय, दोघी एकाच कॅव्हेंडिश कुळांतल्या बहिणी. सावदा-रावेरच्या स्टेशनांवरून वाघिणी भरभरून उत्तरेकडे जाणाऱ्या या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें.

पण श्रोते हो, एकाच दफ्तराच्या नकला लक्षावधि झाल्या म्हणजे त्यांतील उणीवहि लक्षावधि ठिकाणीं जाते. पन्नास-साठ वर्षें अमेरिकेच्या बाजारांत 'ग्रो मिशेल' नांवाची एकच केळ विकली जात असे. मातींतील एका बुरशीनें होणाऱ्या पनामा रोगानें तिच्या बागा उजाड केल्या. १९६० च्या सुमारास तिची जागा कॅव्हेंडिशनें घेतली, कारण तिला तो रोग होत नसे. आतां त्याच बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाहि मारतो, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशांतील बागांत आढळला आहे. आमच्या घरींहि एका ढगाळ पावसाळ्यांत हरण्या रोग आला. हा विषाणूचा रोग. मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. विषाणु हा स्वतः पेशी नव्हे. त्याच्यापाशीं घर नाहीं, चूल नाहीं. तो पेशींत शिरून तिच्याच चुलीवर आपला स्वयंपाक करवून घेतो. भावानें निम्मी बाग उपटून बांधाबाहेर पुरली. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. तेव्हांपासून घराच्या मागें त्यानें जुन्या बसराईचीं चार बेटें राखून ठेवलीं आहेत. त्यांचा बाजारांत उपयोग नाहीं, रोगापुढें तींहि टिकतील असें नाहीं. पण निराळें असें कांहींतरी जवळ असावें, एवढेंच त्यास वाटतें.

आतां वर्गांतील गोष्ट. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी सातपुड्याच्या पायथ्याशीं एका शाळेवर होतों. भिल्ल व पावरा समाजाचीं मुलें तेथें येत. त्यांत एक मुलगा होता. तो हुशार होता, पण महिन्यांतून चार-पांच दिवस भिंतीस टेकून बसे. विचारलें म्हणजे म्हणे, "गुरुजी, हाडं दुखतात." ताप नाहीं, जखम नाहीं, सूज नाहीं. मी त्यास आळशी ठरविलें. कवायतीच्या दिवशीं एकदां तो उठेना, तेव्हां मीं त्याच्या हातावर छडी मारली. तो रडला नाहीं. उठून रांगेंत उभा राहिला. त्या वर्षाअखेरीस त्यानें शाळा सोडली. पुष्कळ वर्षांनीं त्या भागांत आरोग्य शिबिर भरलें. त्यांत त्याच्या धाकट्या भावाचें रक्त तपासलें गेलें आणि सिकलसेल हें नांव मीं प्रथम ऐकलें. थोरला तोंपर्यंत या जगांत राहिला नव्हता.

या रोगाचा इतिहास असा आहे. १९१० सालीं शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनीं, ग्रेनेडा बेटांतून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. रक्तांतील तांबडी पेशी ही वाटोळी व लवचीक असते. एका मिलिमीटरांत अशा सव्वाशें पेशी ओळीनें मावतील. ती आपलें दफ्तर फेंकून देऊन प्राणवायु वाहण्यास मोकळी झालेली असते. पण तिच्यांतील तांबडें द्रव्य मूळ दफ्तराबरहुकूमच बनलेलें असतें. १९४९ सालीं पॉलिंग यांनीं दाखविलें कीं, दोष पेशींत नसून या द्रव्याच्या रेणूंत आहे. आणि इन्ग्रॅम यांनीं १९५६-५७ मध्यें तो दोष नेमका हुडकला. मनुष्याच्या सुमारें तीनशें कोटी अक्षरांच्या दफ्तरांत एक अक्षर बदललेलें! त्यामुळें प्राणवायु कमी पडला म्हणजे पेशी विळ्यासारखी वांकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडांत असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच मरते. भारतांत हा दोष १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत प्रथम आढळला. पुढें सातपुड्यांतील भिल्ल व पावरा समाजांतहि तो दिसून आला. त्यांत शेंकडा दहाहून अधिक लोक या दोषाचे वाहक असल्याचें पाहण्यांत आढळलें आहे. औट्रॅमनें ज्यांच्यांतून पलटण उभारली, ते हेच लोक.

हा दोष त्यांच्यांतच कां? १९५४ सालीं ॲलिसन यांनीं याचा उलगडा केला. आईबापांपैकीं एकाकडूनच हें बदललेलें अक्षर आलें तर मनुष्य बहुधा निरोगी राहतो, आणि जीवघेण्या हिंवतापापासून त्याचें बरेंच रक्षण होतें. हिंवतापाच्या रानांत पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं दिवस काढले, त्यांच्या रक्तानें ही ढाल जपली. परंतु दोन्हीकडून तेंच अक्षर आलें म्हणजे ढाल उलटून अंगांत रुतते. आईबाप दोघेहि वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक. केळीच्या बागेंत सारखेपणाचें भय होतें; येथें दोन सारख्या नकला एकत्र येण्याचें आहे. आज हें रक्ताच्या एका थेंबावरून तपासतां येतें. कळा कमी करणारीं औषधें आहेत, आणि १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीमहि सुरू झाली. विवाहापूर्वीं रक्त तपासून घेण्यांत कोणत्याहि समाजास कमीपणा नाहीं. रोग ज्याच्या वांट्यास आला, त्याचा त्यांत तिळमात्र अपराध नसतो.

माझी आई आतां नाहीं. तिच्या प्रश्नाचें उत्तर मला आतां देतां येईल. आई, त्या रोपांचें माहेर कोण्या एका निरोगी झाडाच्या पिलाचें टोंक. त्याचें माहेर त्याच्या कंदांत. आणि असें मागें मागें जात राहिलें, तर ही पेशींची ओळ कोठेंहि तुटलेली सांपडावयाची नाहीं. तुझी, माझी, बागेची आणि बाटलीची ओळ एकच.

त्या मुलास मात्र उत्तर देण्याची वेळ निघून गेली. विर्खोच्या राज्यांतील एका नागरिकाचा आकार वांकला, तर साऱ्या राज्यास वेदना होतात, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. पण तो मुलगा सांगत होता. ऐकण्यास सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. डेल्फ्टच्या कापडवाल्यानें जसें दिसलें तसें मानलें. मीं ऐकलें तें मानलें नाहीं. आज कोठल्याहि वर्गांत कोणी मूल भिंतीस टेकून "हाडं दुखतात" म्हणत असेल, तर माझ्या शिक्षक बंधुभगिनींनीं आधीं त्याचें रक्त तपासवून घ्यावें. माझ्या त्या विद्यार्थ्याचें दुखणें खरें होतें. एवढें जाहीरपणें सांगावें, म्हणूनच मी आज आपणांपुढें बोललों.